फळीवरची पहिली ओळ

क्लबाच्या मोठ्या खोलीत शिरलं की समोरच्या भिंतीवर सागवानी फळी दिसते. गोल्फच्या स्पर्धेत दरसाल जो जिंकला त्याचं नाव तिच्यावर सोनेरी रंगात काढलेलं आहे. खालच्या ओळींबद्दल माझी तक्रार नाही. त्यातले बरेचसे खरोखर खेळणारे होते, त्यांचे फटके मी डोळ्यांनी पाहिलेत. पण पहिली ओळ खोटी आहे. ती खोटी कशी झाली हे ज्यांनी पाहिलं त्यातले बाकीचे मेले, नाहीतर दूरदेशी गेले. उरलो मी.

मी दुसरी पास आहे. तिसरीत चार महिने बसलो. माझं अक्षर ठसठशीत आहे आणि आकडे मला शंभराच्या पुढेही लिहिता येतात. हे आधीच सांगून ठेवतो, कारण माझ्याबद्दल छापून आलंय ते वेगळं आहे.

आता त्या स्पर्धेला मोठा मान आहे. मुंबईचे, पुण्याचे, लष्करातले अधिकारी येतात. पेपरात फोटो येतो. कर्जत स्टेशनावर त्या दिवसांत टांगेवाले लांबलांब थैल्या उचलताना दिसले की गावात समजायचं, आले काठीवाले. पण सुरुवात कशी झाली म्हणून विचाराल तर क्लबाच्या पुस्तिकेत लिहिलंय की एका गोऱ्या साहेबाने सह्याद्रीच्या पायथ्याचा तो माळ पाहिला आणि त्याला तिथे मैदान दिसलं. त्याला काय दिसलं ते त्याचं त्याला ठाऊक. मला तिथे आमची गुरं दिसत होती.

खालापूरच्या अंगाला तेव्हा कारखाना उभा राहत होता. त्याच्या साहेबलोकांच्या बंगल्यांसाठी आणि खेळासाठी आमच्या गावचा वरकस माळ घेतला. खाली भाताची खाचरं होती ती सोडली, वरची गवताची जमीन आणि आमचं खळं गेलं. बापाने कागदावर अंगठा दिला. मला कारखान्याकडून नोकरी मिळाली, मैदानावर. कागदावर माळी म्हणून लिहिलं. मी त्या कारकुनाला म्हटलं, "मी माळी नाय. शेतकरी लिवा." तो म्हणाला, "शेतकऱ्याची जागा नाही रं कारखान्यात. माळ्याची आहे. घेतोस का नाही?"

घेतली.

गोरा साहेब ढांगा टाकत पुढे चालायचा, काठीने चेंडू मारायचा आणि मी धावत जाऊन चेंडू पडेल तिथे खुंटी ठोकायची. अशी नऊ निशाणं ठरली. खड्ड्यात बसवायला डबे हवे होते, ते मी मोहोपाड्याच्या बाजारातून रिकामे तुपाचे डबे आणून कापले. डब्याच्या भोवती हिरवळ करायला पाणी नव्हतं, म्हणून रेती पसरून तिच्यावर जुनं तेल मारायचं आणि सपाट करायचं. साहेब त्याला ब्राऊन म्हणायचा. ती सगळी रेती डोंगरावरच्या ठाकरवाडीतल्या बायांनी नदीवरून डोक्यावर वाहून आणली. एका बाईने मला विचारलं होतं, "दादा, हितं काय पिकनार?" मी म्हटलं, "चेंडू." ती इतकी हसली की पाटी खाली ठेवावी लागली.

पाचव्या निशाणाकडे जाणारी वाट डावीकडे मोडते. आता मोठमोठे खेळाडू त्या वळणाला नावाजतात, आखणाऱ्याची काय अक्कल म्हणतात. ती अक्कल माझी. सरळ वाटेत शेंदराचा धोंडा होता. साहेबाने हाताने खूण केली, हा काढा. मी विळा खाली ठेवला आणि धोंड्याला पाठ लावून बसलो. दुसऱ्या दिवशीही तिथेच बसलो. तिसऱ्या दिवशी साहेबाने हसून चेंडू डावीकडे मारला. पुस्तिकेत हे नाही.

तिसरं निशाण आमच्या खळ्यात आलं. ओहोळाच्या पलीकडे उंचवट्यावर खळं होतं. पिढ्यान्‌पिढ्या शेणाने सारवून, बैलांच्या पायाखाली घट्ट झालेली जमीन. साहेबाने टाच आपटून पाहिली आणि खूश झाला. तिथे रोलर फिरवावाच लागला नाही. मी मधल्या खांबाचं भोक मोठं केलं आणि तुपाचा डबा बसवला.

त्या खळ्याबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्याकडे झोडणी झाली की रास मापताना पहिल्या पायलीला कुणी 'एक' म्हणत नाही. 'लाभ' म्हणतात. मग दोन, तीन, चार. एक म्हटलं की रास मोजून संपते, लाभ म्हटलं की देवाचा हात तिच्यावर राहतो, असं बाप म्हणायचा. बाप निरक्षर. मी दोन बुकं शिकलेला, म्हणून तो मापायचा आणि मी कोळशाने घराच्या कुडावर लिहायचो. 'लाभ', मग २, ३, ४. माझं शिक्षण घराच्या कामाला आलं ते एवढंच. दरसाल तो कूड सारवला जायचा आणि दरसाल मी नव्याने लिहायचो. पहिल्या जागी एकडा कधी काढला नाही.

खेळ मी बघून शिकलो. गवत कापायला पहाटे जायचो तेव्हा मैदानात कुणी नसायचं. साहेबाची मोडकी काठी होती, तिला मी बांबूची कांबीट बांधून ताठ केली. चेंडू ओहोळात हरवलेले असायचे, ते माझे. विटीदांडू खेळलेल्या माणसाला मनगट शिकवावं लागत नाही. वर्षभरात असं झालं की मला जिथे टाकायचा तिथे चेंडू पडायचा. एका सकाळी साहेब लवकर आला आणि झाडामागून बघत राहिला. मला वाटलं आता नोकरी गेली. त्याने जवळ येऊन आपली चांगली काठी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "अगेन."

मग त्याने चषक आणला. चांदीचा, दोन कानांचा. दिवाळी झाली, भात घरात आलं, त्यानंतरचा रविवार ठरला. खेळणारे साहेब मोजून नऊ होते. जोड्या लावायला दहावा हवा. गोऱ्या साहेबाने माझ्याकडे बोट दाखवलं. बाकीचे हसले. त्यांना वाटलं गंमत आहे.

माझी जोडी स्टोअरच्या साहेबाबरोबर लागली. हे घाटावरचे, आपले मराठी. घरी शेती होती, जोंधळ्याच्या राशीच्या गोष्टी ते मला सांगायचे. कारखान्यात माझ्याशी नीट बोलणारे तेवढे एकच. नियम असा की प्रत्येकाने आपापल्या कागदावर, निशाणाच्या चौकटीत, आपले फटके लिहायचे आणि शेवटी जोडीदाराने कागद बघून सही करायची.

तिसऱ्याला मी ओहोळाच्या अलीकडे उभा राहिलो. वारा नव्हता. काठी फिरली तेव्हाच हाताला कळलं. चेंडू वर गेला, खळ्याच्या कडेला पडला, घट्ट जमिनीवर दोनदा उडाला आणि दिसेनासा झाला. आम्ही दोघे पलीकडे गेलो. चेंडू डब्यात होता.

स्टोअरसाहेबांनी माझा हात धरून हलवला. "अरे, एका फटक्यात! गोऱ्यालासुद्धा जमलं नाही हे कधी."

मी त्या जागेवर उभा होतो जिथे माझा बाप पायली घेऊन बसायचा. कागद काढला, पेन्सिल ओली केली आणि चौकटीत लिहिलं, 'लाभ'. चुकून नाही. विसरून नाही. त्या खळ्यात पहिल्याला जे लिहितात ते मी लिहिलं.

नऊ निशाणं झाली. माझे एकेचाळीस, त्यांचे त्रेचाळीस. बाकीचे सगळे पन्नाशीच्या पुढे. स्टोअरसाहेबांनी माझा कागद वरून खालपर्यंत पाहिला, बोटाने प्रत्येक चौकट मोजली आणि सही केली.

तेव्हा क्लब म्हणजे कुडाची खोप आणि दोन टेबलं. सगळे आत जमले. गोरा साहेब कागद वाचायला लागला आणि माझ्या कागदावर थांबला. त्याने तो उलटा करून पाहिला. मग स्टोअरसाहेबांना विचारलं, हे काय लिहिलंय? मला इंग्रजी येत नव्हतं, पण चार वर्षं साहेबाच्या मागे फिरून एवढं कळायचं.

स्टोअरसाहेब म्हणाले, "प्रॉफिट."

खोप हसली. कुणीतरी टेबलावर हात आपटला. गोरा साहेबही हसला, त्याचा काय दोष, त्याला सांगितलं ते त्याने ऐकलं. मग स्टोअरसाहेबांनी नियमांचं छोटं लाल पुस्तक उघडलं आणि बोट ठेवलं. चौकटीत आकडा नसेल तर कागद बाद. स्टोअरसाहेबच दुसरे आले होते. माझा कागद बाद झाला की पहिले तेच.

गोऱ्याने मान हलवली. त्याच्या मनाला ते लागलं असावं, कारण नियमात बसत नव्हतं तरी त्याने पेन्सिल माझ्यापुढे सरकवली आणि एक बोट वर केलं. एकडा काढ, असं.

स्टोअरसाहेब मराठीत म्हणाले, "काय रे, एक लिहिता येत नाही का तुला?"

सगळे माझ्याकडे बघत होते. अर्धे अजून हसतच होते. स्टोअरसाहेबांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. त्यांच्या घरीही रास मापताना पहिल्या मापाला काय म्हणतात ते मला ठाऊक होतं, त्यांनीच सांगितलेलं. एवढं बोलायला त्यांना किती वेळ लागला असता?

मी म्हटलं, "येतं. पन लिवनार नाय."

"काय म्हणतो?" गोऱ्याने विचारलं असेल.

"लिहिणार नाही म्हणतो."

पेन्सिल तशीच राहिली. चषक त्यांच्या हातात गेला. संध्याकाळच्या आत गावात बातमी पोचली आणि मी चावडीवरून गेलो तर एकजण ओरडला, "काय रं लाभशेट, किती मापलंस?" ते नाव पुढे चिकटलं. लग्नाच्या पंगतीत वाढपी माझ्या पानात पहिली पोळी टाकताना लाभ म्हणायचे. मी कधी हसलो नाही, म्हणून ते जास्त म्हणायचे.

घरी बापाला सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "खळ्यातच पडला ना चेंडू?" मी हो म्हटलं. तो म्हणाला, "मंग बरोबर लिवलंस."

त्यानंतर मी स्पर्धेत खेळलो नाही. पुढच्या वर्षी नियम झाला की खेळायला क्लबाचा सभासद पाहिजे, आणि मी तर क्लबाचा माळी. गोरा साहेब मायदेशी गेला. स्टोअरसाहेब वर चढत गेले, चषकाची कमिटी त्यांनीच केली. बाहेरच्या क्लबांना बोलावणं धाडलं. नवाची अठरा निशाणं झाली. रेतीच्या जागी खरी हिरवळ आली, पळसदरीकडून टँकर आणून शिंपायची. खोप पाडून इमारत झाली, फळी लागली. फळी लागली त्या दिवशी मी खाली उभा राहून शिडी धरली होती. रंगाऱ्याने वरून विचारलं, "पहिलं नाव बरोबर हाय ना ओ?" मी म्हटलं, "तुज्या कागदावर जे हाय ते काढ."

वर्षं गेली. हिरवळीवर मी असा हात फिरवायचो की पाहुणे विचारायचे, हे कोण राखतं? क्लबवाले मला पुढे करायचे, पाहुणे पाठ थोपटायचे. मग कुणीतरी हळूच पहिल्या वर्षाची गंमत सांगायचा. मला कळायचं, कारण ते आधी माझ्याकडे बघायचे आणि मग हसायचे.

स्पर्धेला पंचवीस वर्षं झाली तेव्हा मी कामावरून सुटलो होतो. नवा सेक्रेटरी जीपमधून घरी आला. पोरगा वाईट नव्हता. ओटीवर बसला, बायकोने दिलेलं ताक प्यायला. म्हणाला, "काका, स्मरणिका काढतोय. तुमच्याबद्दलही आहे." आणि त्याने टंकलेला कागद मला वाचून दाखवला. त्यात होतं, पहिल्या वर्षी एका निरक्षर माळ्याने उत्तम खेळ केला होता, परंतु त्यास एक हा आकडा लिहिता न आल्यामुळे त्याचा विजय हुकला.

मी म्हटलं, "कागद द्या हिकडं." आणि त्याच्याच पेनने त्याच्या कागदाच्या मागे एक ते वीस लिहून दाखवले.

तो ओशाळला. म्हणाला, "काका, मी दुसरंच सांगायला आलोय. कमिटीने ठरवलंय, फळीवर पहिल्या ओळीत तुमचंही नाव घालायचं. दोघांचं. खुद्द साहेबांनी पुण्याहून सुचवलंय." साहेब म्हणजे स्टोअरसाहेब. निवृत्त होऊन पुण्याला राहत होते.

बायको दारात उभी होती. तिने तोंडाला पदर लावला. तिचं माहेर कळंबचं, लाभशेटची बायको म्हणून तिथेही तिला ऐकावं लागलं होतं.

"फक्त एक अर्ज हवा," सेक्रेटरी म्हणाला आणि तयार अर्ज काढला. मी स्वतः वाचला. 'मी अशिक्षित असल्यामुळे अज्ञानाने मजकडून चूक झाली, तरी कमिटीने उदार मनाने...' खाली सहीची जागा, आणि सही येत नसल्यास अंगठ्याची.

"ह्यातलं अज्ञान काढा. बाकी सही करतो."

तो गेला आणि आठ दिवसांनी परत आला. कमिटीचं म्हणणं, अज्ञान असेल तर माफ करता येतं. समजून-उमजून नियम मोडला म्हटलं तर काहीच करता येत नाही. त्याला ते पटलेलं दिसलं. खरं सांगायचं तर मलाही त्यातला मुद्दा कळला. बरोबर होतं त्यांचं.

मग मी म्हटलं, "असं करा. लाभ म्हंजी काय ते साहेबांना त्या दिवशी ठावं व्हतं, एवढं एका वळीत त्यांनी लिवून द्यावं. ते आलं की मी अज्ञान लिवतो. आपल्या हातानं लिवतो."

तो म्हणाला विचारतो. गेल्यावर बायको माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"अवो, करा की सही. नाव लागल. पोराबाळांना दिसल."

"काय दिसल? बाप अडानी व्हता ते?"

"फळीवर अडानी लिवनार हायेत का? फळीवर नाव लिवनार. अर्ज कोन वाचतंय?"

"मी वाचलाय."

"तुमी असंच मरनार," ती म्हणाली आणि आत गेली. चार दिवस आमचं बोलणं मिठा-भाकरीपुरतं होतं. तिचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही.

पुण्याहून निरोप आला: साहेबांचं वय झालंय, त्यांना त्या दिवसाचं नीट आठवत नाही. मी अर्ज पेटीत ठेवला.

पंचवीस वर्षांच्या समारंभाला मला बोलावलं होतं. जायचं नाही म्हणत होतो, बायको म्हणाली, "लोक म्हनतील लपून बसला." म्हणून गेलो. धुतलेलं धोतर, नवी टोपी. कामगारांच्या खुर्च्या मागे मांडल्या होत्या, तिथे बसलो. साहेब मोटारीतून उतरले. वाळले होते, काठी टेकत होते, ही चालायची काठी. व्यासपीठाकडे जाताना मला पाहून थांबले. बरोबरच्या लोकांना पुढे व्हायला सांगितलं.

"कसा आहेस?"

"बरा हाय."

"हिरवळ छान राखलीस."

ते काठी टेकून एक पाऊल जवळ आले. मग वाकून, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाले, "तू एक लिहायला हवा होतास रे. पेन्सिल पुढ्यात होती."

म्हणजे आठवत होतं. पेन्सिलसुद्धा आठवत होती.

"तुमी सांगायला हवं व्हतं, साहेब. तोंड बी पुढ्यातच व्हतं."

त्यांचे ओठ हलले, पण त्यांना हाक आली आणि ते गेले. पायऱ्या चढायला दोघांनी हात दिला. भाषण इंग्रजीत झालं, टाळ्या पडल्या, स्मरणिका वाटली; तिच्यात निरक्षर माळी तसाच छापला होता. मी भाषण संपेपर्यंत बसलो, उठून गेलो असतो तर चिडला म्हणाले असते. चहाला थांबलो नाही.

घरी बायकोने विचारलं, "भेटले का? काय म्हनले?"

"आठवतंय त्यांना."

ती भाकऱ्या थापत होती, हात थांबला. "मंग लिवून देतील?"

"नाय."

"तुमी मागितलं का?"

मी मागितलं नव्हतं. तिथे, त्या क्षणी, दोन शब्द बोललो असतो, साहेब हे आता लोकांपुढं सांगा, तर कदाचित सांगितलंही असतं. म्हातारा माणूस, डोळ्यांत पाणी होतं. मी टोमणा मारला आणि माझं समाधान झालं.

तिने भाकरी तव्यावर टाकली. साहेब पुढच्या पावसाळ्यात वारले. सेक्रेटरीने अर्जाबद्दल निरोप पाठवला नाही, मीही तो पेटीतून काढला नाही. फळीला त्या वर्षी नवं पॉलिश झालं म्हणतात. मी पाहायला गेलो नाही.